पंपाला कुंकू लागलं होतं

मागच्या दसऱ्याला मी नाशिक जिल्ह्याची सीमा सायकलवरून ओलांडायची ठरवली. सीमोल्लंघन तसं सगळेच करतात. म्हणजे संध्याकाळी नवे कपडे घालून सोसायटीच्या गेटबाहेर दहा पावलं जातात, आपट्याची पानं वाटतात आणि परत येतात. पण गेटबाहेर दहा पावलांवर कुठली सीमा असते? तिथे तर इस्त्रीवाल्याची टपरी आहे. मला खरी सीमा पाहिजे होती. मॅप उघडून बघितलं तर सगळ्यात सरळ रस्त्यावरची सीमा इगतपुरीच्या पुढे, कसारा घाट लागतो तिथे. पलीकडे ठाणे जिल्हा. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघायचं, सीमा ओलांडायची, चारपर्यंत घरी, आणि संध्याकाळी सोनं वाटायला हजर. मला माझाच प्लॅन इतका आवडला की पंधरा दिवस आधीच मी तो ऑफिसात, सोसायटीत आणि दूधवाल्या काकांना सांगून टाकला.

पप्पांना मात्र सगळ्यात शेवटी सांगितला.

त्याला कारण होतं. पप्पांना मी त्याआधी दोनदा रस्त्यावरून फोन केला होता, आणि दोन्ही वेळा पंक्चर. पहिल्यांदा त्र्यंबक रोडला. तेव्हा माझ्याकडे काहीच नव्हतं, पंप नाही, ट्यूब नाही, नुसता आत्मविश्वास. पप्पा मित्राचा टेम्पो घेऊन आले. मग मी सगळं सामान घेतलं, व्हिडिओ बघितले, आणि दुसऱ्यांदा सिन्नरच्या अलीकडे पंक्चर झालं तेव्हा खुशीतच खाली उतरले. ट्यूब काढली, भोक सापडलं, सोल्युशन लावलं, रबराचा तुकडा चिकटवला, हवा भरली, आणि अर्ध्या मिनिटात तुकडा साबणाच्या वडीसारखा सरकून बाजूला. परत लावला, परत सरकला. त्या दिवशी पप्पांच्या ऑफिसात कोणीतरी मोठे साहेब आले होते आणि पप्पा ते सोडून टेम्पो घेऊन सिन्नरला आले. सायकल मागे टाकली. परत येताना म्हणाले, तिसऱ्यांदा फोन आला तर सायकल सटाण्याला.

सटाण्याला माझा मामेभाऊ राहतो. त्याचा माझ्या सायकलीवर पहिल्या दिवसापासून डोळा आहे, आणि तो ते लपवत पण नाही. व्हिडिओ कॉलवर माझ्याआधी सायकलीची चौकशी करतो. पप्पांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्यांना सायकलीचा राग नव्हता. हायवेला मी एकटी, बाजूने कंटेनर जाणार, आणि मला माझं चाक माझ्या हाताने चालू करता येत नाही, ह्याची त्यांना भीती होती. ते ओरडले असते तर मी पण ओरडले असते. पण ते शांतपणे म्हणाले, म्हणजे ते खरं करणार होते.

तर दसऱ्याचं सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, सामान आहे ना सगळं? मी म्हटलं आहे ना. आणि होतंच. सीटखालच्या छोट्या पाऊचमध्ये टायर काढायचे दोन लिव्हर, तुकडे, सोल्युशन, वीतभर लांबीचा पंप आणि एक नवी कोरी ट्यूब. सगळं जिथल्या तिथे.

पहाटे साडेपाचला निघाले. पाथर्डी फाटा, विल्होळी, हवा एकदम गार, आणि अंग असं हलकं की मला वाटलं कसाऱ्यापर्यंत कशाला, शहापूरला जाऊन चहा पिऊन येऊ. वाडीवऱ्हेला उजाडलं. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलेलं, ट्रकच्या बोनेटवर झेंडूचे हार, ट्रॅक्टरला हार, एका जेसीबीच्या दातांना पण हार. माझ्या हँडलला पण होता. मुंढेगाव मागे टाकलं आणि घोटीच्या थोडं अलीकडे मागचं चाक लटपटायला लागलं. मला वाटलं रस्ता खराब आहे. रस्ता गुळगुळीत होता. उतरून टायर दाबला तर अंगठा आत गेला.

मी घाबरले नाही, हे मला सांगायचंच आहे. मी तर मनात म्हटलं, बरं झालं, आता बघा. पाऊचची चेन उघडली. आत खजुराची पुडी होती. दुसरं काही नव्हतं.

आणि त्या सेकंदाला मला सगळं सामान डोळ्यासमोर दिसलं. आमच्या घरी, देवघरासमोर, लाल कापड घातलेल्या पाटावर. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. आजोबांच्या वेळी विळे-कोयते असतील, आता पप्पांचे पान्हे, आईची शिलाईची कात्री, माझा लॅपटॉप. आणि ह्या वर्षी मीच कौतुकाने पाऊच रिकामं करून लिव्हर, पंप, ट्यूब, सोल्युशन असं ओळीने मांडलं होतं. प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, फोटो काढला, स्टेटसला टाकला, त्यावर अठ्ठावन्न जणांनी हात जोडले. आणि एकदा मांडलेलं दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून आल्यावरच उचलायचं, असा आमच्याकडे नियम. सायकलीची पण पूजा केली होती, पण गाडीला पूजेनंतर पळवायचं असतं आणि पान्ह्याला बसवायचं असतं. तर सायकल पूजा होऊन निघाली आणि तिचं सामान पूजेला बसलेलं राहिलं.

सायकल ढकलत घोटीत शिरले. सकाळचे आठ वाजून गेले होते. मनात एकच हिशोब, पंक्चरवाला शोधायचा, काढून घ्यायचं, निघायचं. पप्पांना कळायची गरज नाही. दोन दुकानं बंद दिसली. तिसरं उघडं होतं, पत्र्याची टपरी आणि मागे त्यांचं घर, बाहेर टायरची चळत, आणि टपरीच्या दारात एक काका नवा पांढरा शर्ट घालून उभे. मी सायकल उभी केली आणि काका पंक्चर, असं म्हणत आत बघितलं.

आत पाट होता. पाटावर पान्हे, पक्कड, टायर काढायच्या लोखंडी पट्ट्या, कानस, हातपंप. शेजारी लाल रंगाचा मोठा कॉम्प्रेसर, त्याला गुडघ्यापर्यंत झेंडूचा हार. सगळ्यांना हळदकुंकू. उदबत्ती चालू.

मी काकांकडे बघितलं आणि काकांनी माझ्या हँडलच्या हाराकडे बघितलं, आणि दोघांना पण कळलं.

"उद्या सकाळी ये ताई," ते म्हणाले. "आज हत्यार उचलायचं नाय."

मी त्यांना समजावायचा खूप प्रयत्न केला. मी फार भरभर बोलते, आणि अडले की अजून भरभर. इगतपुरी सांगितली, सीमा सांगितली, सिन्नरचा सरकलेला तुकडा सांगितला, सटाण्याचा मामेभाऊ सांगितला. काका शांतपणे ऐकत होते. मध्येच आतून त्यांच्या मिसेस पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या आणि त्या पण ऐकायला लागल्या. माझं सगळं झाल्यावर काका म्हणाले, तुझं बरोबर हाय, पण ज्या वस्तूला कुंकू लागलं ती आज देवाची. मी विचारलं, मग तुम्ही स्टुलावर बसायचं सोडून उभे का? तर स्टुलाला पण कुंकू लागलेलं. मिसेसनी, म्हणजे मावशींनी, पहाटे हात सैल सोडून लावलं होतं, ट्यूब बुडवायच्या घमेल्याला, स्टुलाला, लाइटच्या बटणाला सुद्धा. काका बटण दाबू शकत नव्हते म्हणून टपरीत अंधार होता.

मी म्हटलं, मग तुमच्या हातांना तर कुंकू नाही लागलं. काकांनी दोन्ही हात पुढे धरून बघितले. तीस वर्षांचं काळं त्या रेघांमध्ये बसलेलं. म्हणाले, पंक्चरवाल्याचे हात म्हंजे हत्यारच की.

मला ते पटलं पण, हीच खरी अडचण. मी स्वतः माझं सामान तसंच पाटावर ठेवून आले होते. आईने मला ते उचलू दिलं नसतं आणि मी पण उचललं नसतं.

मग मावशीच म्हणाल्या, "ह्यांच्या तोंडाला नाय लावलं मी कुंकू. लावायला पायजे होतं, पण राहिलं. ते सांगतील, तू कर."

असं ते सुरू झालं. नियम एकदम स्वच्छ होता. कुंकू लागलेलं चालणार नाही, काकांचे हात चालणार नाहीत, बाकी सगळं चालेल. काका दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मी टपरीसमोर गोणपाटावर सायकल उलटी केली, चाक काढलं. माझ्या चाकाला पान्हा लागत नाही, नुसती कळ ओढली की निघतं, तेवढं नशीब. माझ्या मापाची ट्यूब त्यांच्याकडे नव्हती, माझे टायर बारीक. म्हणजे आहे तीच ट्यूब वाचवायची होती. मी सवयीने हवा सोडायला वॉल्व्हवर नख ठेवलं आणि काका पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलले.

"हवा सोडू नको. आत राहिली तेवढीच हवा हाय आपल्याकडं."

खरंच की. पंप देवाचा, कॉम्प्रेसर देवाचा. आतली हवा गेली तर पाण्यात बुडबुडा कशाचा येणार? आणि बुडबुडा नाही तर भोक नाही, भोक नाही तर मी दिवसभर घोटीत. ही गोष्ट कुठल्या व्हिडिओत नव्हती. तिथे सगळे पहिल्यांदा हवा सोडतात, मग आरामात परत भरतात.

टायर काढायच्या पट्ट्यांच्या जागी मावशींनी घरातले दोन स्टीलचे चमचे दिले. आत थोडी हवा असताना टायर काढणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगाखालून चादर काढण्यासारखं, हळूच, नाहीतर ट्यूब चिमटणार. काका सांगत होते, आधी टायर दोन्ही अंगठ्यांनी मधल्या खोलात ढकल, मग समोरची बाजू सैल होते, मग चमचा घाल, जास्त आत नको. एक चमचा वाकला. मी मावशींकडे ओशाळून बघितलं, तर त्या म्हणाल्या वाकू दे, ह्यांच्या बहिणीनं दिलेला हाय. काकांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

ट्यूब बाहेर आली. अगदी मऊ, पिकलेल्या आंब्यासारखी दाबली जाणारी, पण हवा होती. घमेलं देवाचं म्हणून मावशींनी परातीत पाणी आणलं, कणकेची परात रिकामी करून. मी ट्यूबचा एक एक वीतभर भाग पाण्यात दाबायला लागले. काही नाही. पुढे सरकवली. काही नाही. काका म्हणाले जोरात पिळू नको, हवा वाया जाईल, नुसती मुठीत धर आणि थांब. मला थांबणं येत नाही. अर्धी ट्यूब झाली आणि काही नाही, आणि ट्यूब मघापेक्षा मऊ लागत होती, म्हणजे कुठूनतरी जात होतीच आणि मला ते दिसत नव्हतं.

आणि तेव्हा पप्पांचा फोन आला.

हात पाण्यात. मावशींनी माझ्या जर्सीच्या मागच्या खिशातून फोन काढला, उचलला आणि माझ्या कानाला धरून उभ्या राहिल्या. पप्पांनी विचारलं, कुठवर पोचलीस? खोटं बोलायचं मी मनात ठरवत होते, ते बोलायला वेळच मिळाला नाही, कारण शेजारी काका म्हणाले वॉल्व्हपाशी बघ, आणि पप्पांना ते ऐकू गेलं.

"पंक्चर?" पप्पा म्हणाले.

"हो."

"सामान पाटावर आहे तुझं. आत्ता बघितलं मी. म्हणून फोन केला."

त्यांच्या मागे आईचा मिक्सर ऐकू येत होता.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

फोन मी केला नव्हता. त्यांनीच केला होता, त्यांनीच विचारलं होतं. मी हो म्हटलं असतं तर ते तिसऱ्यांदा मोजलं गेलं असतं की नाही, मला आजपण माहीत नाही. कदाचित नसतं. तासाभरात टेम्पो आला असता, मी दुपारी घरी श्रीखंड खात असते. पण मला त्या परातीतलं पाणी दिसत होतं आणि अर्धी ट्यूब अजून बघायची राहिली होती.

"नको," मी म्हटलं. "भोक सापडलं नाही अजून. पण सापडेल."

"मग ठेवतो," पप्पा म्हणाले. "हात मोकळे लागतील तुला."

मावशींनी फोन परत खिशात घातला. मी ट्यूब वॉल्व्हपाशी आणली, मुठीत धरली आणि पहिल्यांदा खरंच थांबले. मनात दहा मोजले, वीस मोजले. आणि वॉल्व्हपासून चार बोटांवर पाण्यात एक बारीक रेघ वर यायला लागली. मोहरीपेक्षा बारीक बुडबुडे, एकामागे एक, मुंग्यांसारखे. मी ओरडले असेन बहुतेक, कारण समोरच्या किराणावाल्याने मान बाहेर काढली.

ट्यूब पुसली की भोक हरवणार, इतकं ते बारीक. खूण करायला पेन शोधत होते तर मावशी आत गेल्या आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन आल्या. तेवढी जागा पदराने कोरडी केली आणि भोकाच्या शेजारी एक लाल टिकली चिकटवली. काका लगेच म्हणाले, झालं, आता ती ट्यूब पण देवाची. मावशी म्हणाल्या, टिकली पाकिटातली हाय, कुंकू करंड्यातलं असतं, एवढा फरक नाय कळत तर पूजा कशाला करता? काकांनी वाकून टिकली नीट बघितली. मग म्हणाले, बरं, टिकली चालेल.

ट्यूब घासायला कानस नाही, म्हणून भांडी घासायची तारेची घासणी. सोल्युशन आणि तुकडे मात्र टपरीत टांगलेल्या नव्या पाकिटात होते, आणि ते हत्यार की माल ह्याच्यावर दोघांचं पुन्हा थोडं झालं. माल ठरला. मी सोल्युशन टिकलीच्या बाजूने गोल, पातळ लावलं, आणि लगेच तुकडा उचलला.

काकांनी नुसती मान आडवी हलवली. मी थांबले.

"सिन्नरला असंच केलं असशील."

हो, सिन्नरला असंच केलं होतं. सोल्युशन ओलं, चकचकीत, चांगलं चिकट दिसतंय तेव्हाच तुकडा लावायचा, असं मला वाटायचं. गोंद तसाच लावतो ना आपण. काका म्हणाले हा गोंद नाय. ह्याची चमक जाऊ दे. चमक गेली की बोटाची मागची बाजू टेकव, बोटाला काही लागलं नाय म्हंजे झालं. वाळलेलं वाळलेल्याला धरतं, ओलं ओल्यावरनं घसरतं. किती मिनिटं, मी विचारलं. ते म्हणाले मिनिटं माहीत नाय, ऊन कसं हाय त्याच्यावर. मी ट्यूब गुडघ्यावर धरून बसले. चमक बघत बसले. मावशींनी चहा दिला, तो मी एका हाताने प्यायले. इतका वेळ मी काही न करता कधीच बसलेली नाही, मला माझ्या पायाची बोटं हलताना दिसत होती. दोनदा बोट टेकवायला गेले आणि दोनदा काका नुसते खाकरले. तिसऱ्यांदा टेकवलं, बोटाला काही लागलं नाही, आणि काकांनी मान खाली केली. तुकडा ठेवला, दोन्ही अंगठ्यांनी मधून कडेला दाबत गेले. सरकवून बघितला. सरकला नाही. भिंतीत बसवलेल्या फरशीसारखा गच्च बसला होता.

मी ट्यूब टायरमध्ये कोंबायला लागले तर काका म्हणाले, आणि ज्यानं भोक पाडलं तो कुठं गेला?

मी विसरलेच होते. तो अजून टायरमध्येच होता. डोळ्यांना काही दिसेना. बोट फिरवू नको, कापेल, असं म्हणून काकांनी मावशींना जुनं सुती फडकं आणायला लावलं. ते टायरच्या आतून गोल फिरवलं आणि एका जागी ते अडलं. धागा निघाला. तिथे केसाएवढी एक तार. हायवेला ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या आतल्या तारा रस्त्यावर पडलेल्या असतात, त्यातलीच. पक्कड पाटावर. मावशींनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. पिनेच्या टोकाने आतून ढकलत, बाहेरून नखांत धरत, तीन वेळा निसटली, चौथ्यांदा आली. तळहातावर ठेवून बघितली आणि फुंकर मारून उडवली.

टायर परत बसवताना काकांचे हात पाठीमागून दोनदा पुढे आले आणि दोनदा परत गेले. शेवटचा अर्धा वीतभर टायर फार घट्ट असतो, तिथे माणूस चमचा घालतोच आणि ट्यूब चिमटते. काका म्हणाले चमचा नको, तळहातांनी लोट, समोरून सैल करत ये. तळहात लाल झाले. बसला.

राहिली हवा. काकांनी रस्त्याच्या पुढच्या बाजूला मान केली, तिकडे पेट्रोल पंप होता. मी तुकड्यांचं पाकीट आणि सोल्युशन विकत घेतलं, वाकलेला चमचा मावशींनी मलाच देऊन टाकला, आणि काका म्हणाले परत येताना बघ, आवाज दे. मी सायकल ढकलत पंपावर गेले. हवेच्या मशीनला पण हार आणि कुंकू. तिथल्या माणसाला विचारलं, ह्याची पूजा झालीय, मग हवा बंद का? तो माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला की काय विचारतेय ही बाई. म्हणाला पूजा झाली ताई, पण हवा बंद ठेवून कसं चालेल, आज सगळे गाड्या घेऊन हिंडतात. आणि त्याने पाइप ओढला. मला वाटलं हे काकांना जाऊन सांगावं. मग वाटलं नको.

टायर कडक झाला. वॉल्व्हवर थुंकी लावून बघितली, बुडबुडा नाही. कान लावून बघितला. मग बसले आणि निघाले.

पहिले दोन किलोमीटर मी पुढे बघतच नव्हते, दर मिनिटाला मान मागे. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं गेला. गेला नाही. इगतपुरीचा चढ आला, मी उभी राहून पॅडल मारलं, सगळं वजन मागच्या चाकावर, तरी काही नाही. इगतपुरीत धुकं अजून डोंगराला चिकटून होतं आणि रस्ता ओला होता. मग मी मागे बघणं सोडलं. ते ठरवून सोडलं नाही, आपोआप सुटलं, कारण मला आतून माहीत झालं होतं की तो तुकडा धरून बसलाय. मीच बसवला होता ना.

ठाणे जिल्ह्याची पाटी दिसली आणि मी तिच्याखालून गेले. पण एवढ्यावर समाधान होईना, पाटी कोणी दहा फूट इकडे-तिकडे लावलेली असली तर? म्हणून अजून पुढे गेले, घाटाचं पहिलं वळण लागेपर्यंत, म्हणजे कोणी म्हणायला नको. समोर खाली सगळी दरी उघडी, झाडी, आणि लांब खाली रस्त्याची एक पट्टी. दोन फोटो काढले. एकात सायकल, एकात मागचं चाक. मग वळले, आणि आता आधी तेवढा घाट चढायचा होता.

घोटीत परत येताना काकांना लांबूनच बेल वाजवली. ते तसेच उभे होते, स्टुलाशेजारी. त्यांनी हात वर केला.

घरी पोचायला साडेचार झाले. पप्पा खाली पार्किंगमध्ये स्कूटर पुसत होते. ती सकाळीच धुतलेली होती. मी सायकल स्टँडला लावली, ते फडकं ठेवून आले आणि मागचा टायर अंगठ्याने दाबला. कडक. कुठे होतं, विचारलं. मी वॉल्व्हपासून चार बोटं दाखवली. सोल्युशन किती वाळू दिलं, विचारलं. मी म्हटलं चमक जाईपर्यंत. त्यांनी मान हलवली, काकांसारखी आडवी नाही, वरून खाली.

"काय होतं? काटा?"

"तार. टायरची."

"बघू."

मी म्हटलं फेकून दिली, एवढीशी तर होती, केसाएवढी.

"फेकलीस?" पप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "ठेवायची ना. सटाण्याला दाखवली असती."